डार्थ व्हेडरवरून होणारे वाद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘स्टार वॉर्स’ मनापासून आवडणारी दोन माणसं एकत्र आली की थोड्याच वेळात बोलणं डार्थ व्हेडरवर, म्हणजे त्या चित्रपटांतल्या काळ्या मुखवट्यातल्या खलनायकावर, येतं, आणि मग कुणी कुणाचं ऐकून घेत नाही. तेच ते प्रश्न इतक्यांदा विचारले गेले आहेत की उत्तरं एका जागी लिहून ठेवावीत असं वाटलं. जे घडलं ते घडलं तसं सांगितलं आहे. जिथे मत आहे तिथे ते माझं आहे, आणि त्यावर मी ठाम आहे. खाली सगळी रहस्यं उघड केली आहेत, त्यामुळे चित्रपट अजून पाहिले नसतील तर आधी ते पाहून या.

‘स्टार वॉर्स’ म्हणजे नक्की कोणता चित्रपट?

जॉर्ज लुकास यांचा पहिला चित्रपट २५ मे १९७७ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा त्याचं नाव नुसतं ‘स्टार वॉर्स’ होतं. ‘भाग चौथा, अ न्यू होप’ ही ओळ १९८१ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा जोडली गेली. १९८० मध्ये ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ आणि १९८३ मध्ये ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ आला. या तिघांना मिळून चाहते मूळ त्रयी म्हणतात. आधीची गोष्ट सांगणारे तीन चित्रपट, म्हणजे प्रीक्वेल्स, १९९९, २००२ आणि २००५ मध्ये आले. व्हेडरबद्दलचे बहुतेक वाद या सहा चित्रपटांतच घुटमळतात.

ही विज्ञानकथा आहे की अवकाशातली परीकथा?

परीकथा. यानं, यंत्रमानव, लेझरच्या बंदुका हे सगळं असलं तरी गोष्टीचा सांगाडा जुना आहे: कैदेतली राजकन्या, आडगावातला पोरका मुलगा, तलवारीचा वारसा देणारा म्हातारा, काळा सरदार. सुरुवातीची ओळच आपल्याला फार फार पूर्वीच्या काळात नेते, भविष्यात नाही. अवकाशात स्फोटांचे आवाज ऐकू येतात. पार्सेक हे अंतराचं माप आहे, आणि यानचालक हान सोलो आपल्या यानाचा वेग सांगताना ते बिनदिक्कत वापरतो. विज्ञानाच्या कसोटीवर घासून बघणाऱ्यांची निराशा होणार हे उघड आहे. लुकास यांनी अकिरा कुरोसावांच्या १९५८ सालच्या ‘द हिडन फोर्ट्रेस’चं ऋण मान्य केलं आहे, आणि व्हेडरच्या शिरस्त्राणात सामुराई योद्ध्यांच्या शिरस्त्राणाची वळणं स्पष्ट दिसतात.

हा मुद्दा व्हेडरपुरता महत्त्वाचा आहे. परीकथेतल्या राक्षसाला वाचकाने ‘तू असा का झालास?’ असं विचारायचं नसतं. व्हेडरला तो प्रश्न विचारला गेला आणि पुढचे सगळे चित्रपट त्याचं उत्तर देत राहिले.

व्हेडर पहिल्यांदा दिसतो त्या प्रसंगाचं एवढं कौतुक का?

तो प्रसंग आवाज बंद करून एकदा पाहा. पांढराशुभ्र, अरुंद बोळ. बंडखोर सैनिक भिंतींना पाठ लावून उभे आहेत आणि बंदुका दाराकडे रोखलेल्या आहेत. वरच्या बाजूला काहीतरी घासल्यासारखं होतं आणि सगळ्यांचे डोळे छताकडे जातात. हे सामान्य शिपायांचे चेहरे आहेत, कुणीही नायक नाही. दार फुटतं, पांढऱ्या चिलखतातले सैनिक घुसतात, धूर होतो, माणसं पडतात. चकमक संपते. मग त्या धुरातून एक काळी आकृती आत येते, थांबते आणि खाली पडलेल्या प्रेतांकडे बघते.

पांढरी भिंत, पांढरे सैनिक, पांढरा धूर, आणि त्यात एकच काळा डाग. कुणी त्याचं नाव सांगत नाही. त्याची ओळख करून देणारं ते गाजलेलं संगीतही तिथे नाही, कारण संगीतकार जॉन विल्यम्स यांचा ‘इम्पीरियल मार्च’ १९८० च्या चित्रपटात पहिल्यांदा वाजला. तिथे ऐकू येतो तो त्याचा श्वास. आणि लक्षात घ्या, व्हेडर लढाई संपल्यावर आत येतो. त्याला घाई नाही.

दोन तासांच्या त्या चित्रपटात तो पंधरा मिनिटांहूनही कमी वेळ पडद्यावर आहे. हे आकडे सांगितले की लोकांचा विश्वास बसत नाही.

व्हेडरचं काम नक्की कुणी केलं? खरा व्हेडर कोणता?

हा वाद हमरीतुमरीवर जातो, म्हणून जरा सविस्तर.

शरीर डेव्हिड प्राउझ यांचं. साडेसहा फूट उंचीचे ब्रिटिश वेटलिफ्टर. त्यांच्यापुढे दोन भूमिका ठेवल्या होत्या, केसाळ चुबाका किंवा व्हेडर. त्यांनी व्हेडर घेतला, कारण खलनायक लोकांच्या लक्षात राहतो. आवाज जेम्स अर्ल जोन्स यांचा, जे लहानपणी तोतरेपणामुळे कित्येक वर्षं जवळजवळ बोलतच नसत. पहिल्या दोन चित्रपटांच्या नामावलीत त्यांचं नाव नव्हतं, आणि ती त्यांचीच इच्छा होती. श्वासाचा आवाज ध्वनिकार बेन बर्ट यांनी पाण्याखाली पोहणाऱ्यांच्या श्वासयंत्रात मायक्रोफोन बसवून टिपला. मुखवट्याची कल्पना चित्रकार राल्फ मॅक्वॅरी यांची. सुरुवातीच्या एका खर्ड्यात व्हेडर एका यानातून दुसऱ्या यानात पोकळीतून जातो असं होतं, तेव्हा त्याला श्वास घ्यायला काहीतरी हवं म्हणून त्यांनी मुखवटा काढला. तो मुखवटा शिल्पकार ब्रायन म्यूर यांनी घडवला, आणि वेशभूषेसाठी जॉन मोलो यांना ऑस्कर मिळालं. १९८० आणि १९८३ मधल्या तलवारबाजीत आत होते बॉब अँडरसन. मुखवटा काढल्यावर दिसणारा चेहरा सेबॅस्टियन शॉ यांचा. व्हेडर होण्याआधीचा तरुण अनाकिन म्हणून पुढे हेडन क्रिस्टेन्सन आले.

बहुतेकांचं उत्तर ‘जोन्स’ असतं. तो आवाज काढून घेतला तर व्हेडर उरत नाही हे खरंच आहे. पण प्राउझ यांच्यावर अन्याय होतो असं मला मनापासून वाटतं. चेहरा नाही, डोळे नाहीत, आवाज नाही. अभिनयाला हाताशी काय उरलं? चाल, खांदे, आणि ते रोखलेलं बोट. व्हेडर बोट रोखतो तेव्हा अख्खा हात सरळ होतो आणि डोकं किंचित पुढे येतं. संतापाने भरलेला माणूस स्वतःला आवरतोय हे त्या एका हालचालीतून कळतं. १९८३ मध्ये अखेर मुखवटा निघाला तेव्हा खाली आपला चेहरा नाही याचं प्राउझ यांना फार वाईट वाटलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये ते गेले.

पहिल्या चित्रपटाच्या वेळी लुकास यांना ठाऊक होतं का की व्हेडर हाच नायक ल्यूकचा बाप आहे?

नाही. उपलब्ध खर्डे बघता दुसरं काही म्हणता येत नाही.

१९७४ च्या खर्ड्यात डार्थ व्हेडर नावाचा एक सेनाधिकारी आहे, साधा माणूस, मुखवटा वगैरे काही नाही. १९७७ च्या चित्रपटात जेडाय नावाच्या योद्ध्यांपैकी म्हातारा ओबी-वान केनोबी ल्यूकला सांगतो की व्हेडरने तुझ्या वडिलांशी दगा केला आणि त्यांना ठार मारलं. अॅलेक गिनेस (ओबी-वान) हे वाक्य अगदी सरळ म्हणतात. द्वंद्वाच्या वेळी ओबी-वान व्हेडरला ‘डार्थ’ अशी हाक मारतो, जणू ते त्याचं पाळण्यातलं नाव आहे. पुढे ‘डार्थ’ ही पदवी ठरली.

त्याहून भक्कम पुरावा दुसऱ्या चित्रपटाचा. पहिला खर्डा ली ब्रॅकेट यांनी लिहिला. त्यात ल्यूकचे वडील वेगळे आहेत, आत्मारूपाने येऊन मुलाशी बोलतात, आणि व्हेडर वेगळा आहे. ब्रॅकेट मार्च १९७८ मध्ये वारल्या. त्यानंतर लुकास स्वतः पुढचा खर्डा लिहायला बसले, तेव्हा दोन माणसांचा एक माणूस झाला.

डच भाषेत ‘व्हेडर’च्या स्पेलिंगचा शब्द वडिलांसाठी आहे, म्हणून हे सगळं आधीच ठरलेलं होतं, असा दावा हमखास पुढे येतो. शब्द खरा आहे. पण तो शब्द १९७४ च्या त्या साध्या सेनाधिकाऱ्यालाही चिकटलेला होता, आणि तो कुणाचा बाप नव्हता.

काही चाहत्यांना हे ऐकून फसवल्यासारखं वाटतं. मला उलट वाटतं. लिहिणाऱ्याने लिहिता लिहिता आपल्याच गोष्टीत असं काही शोधून काढावं, आणि ते मागच्या चित्रपटालाही इतकं चपखल बसावं, ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. १९७७ चा चित्रपट आज पाहताना काका-काकू ल्यूकबद्दल बोलतात तो प्रसंग बघा. काकू म्हणते, त्याच्यात त्याच्या बापाचं फार काही आहे. काका म्हणतो, त्याचीच तर भीती वाटते. लिहिताना त्या वाक्याचा अर्थ वेगळा होता. आज ते ऐकताना अंगावर काटा येतो.

ते प्रसिद्ध वाक्य नक्की काय आहे?

‘ल्यूक, मी तुझा बाप आहे’ असं व्हेडर कुठेही म्हणत नाही. ल्यूक म्हणतो, तू त्यांना मारलंस. त्यावर व्हेडर म्हणतो, ‘नाही. मी तुझा बाप आहे.’ त्या ‘नाही’ला वजन आहे, कारण तो ओबी-वानने सांगितलेली गोष्ट खोडून काढतो आहे.

हे रहस्य चित्रीकरणाच्या वेळी बाहेर कसं फुटलं नाही?

सेटवर ते वाक्य उच्चारलंच गेलं नाही. प्राउझ यांना दिलेल्या संवादात ‘ओबी-वानने तुझ्या वडिलांना मारलं’ असं होतं, आणि ते तसंच म्हणाले. दिग्दर्शक अर्विन कर्शनर यांनी खरी ओळ ल्यूक झालेल्या मार्क हॅमिल यांना चित्रीकरणाच्या जरा आधी कानात सांगितली, म्हणजे चेहऱ्यावर योग्य तो धक्का उमटावा. खरं वाक्य नंतर जोन्स यांच्या आवाजात भरलं गेलं. ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा व्हेडर खोटं बोलतोय असंच जोन्स यांना वाटलं होतं. १९८० च्या कितीतरी प्रेक्षकांनाही तसंच वाटलं, आणि खरं-खोटं कळायला त्यांना तीन वर्षं थांबावं लागलं.

खरा खलनायक कोण? व्हेडर की सम्राट?

माझ्या दृष्टीने हाच सगळ्यात मोलाचा प्रश्न आहे.

व्हेडर ज्या ज्या चित्रपटात आहे, तिथे त्याच्या डोक्यावर कुणीतरी बसलेला आहे. १९७७ मध्ये तो माणूस टार्किन, पीटर कुशिंग यांनी केलेला. बैठकीत एक अधिकारी व्हेडरच्या श्रद्धेची टिंगल करतो, व्हेडर लांबूनच त्याचा गळा आवळतो. हा प्रसंग सगळ्यांना पाठ आहे. पण तो संपतो कसा ते किती जणांना आठवतं? टार्किन म्हणतो, सोड त्याला. आणि व्हेडर सोडतो. ‘जशी तुमची इच्छा.’ कैदेतली राजकन्या लिया तर टार्किनला तोंडावर ऐकवते की व्हेडरच्या गळ्यातला पट्टा तुझ्याच हातात असणार हे मला कळायला हवं होतं. लियाचा अल्डेरान ग्रह उडवायचा हुकूमही टार्किनचा. व्हेडर त्या वेळी लियाच्या मागे उभा आहे.

१९८० मध्ये व्हेडर अधिकाऱ्यांना किड्यामुंग्यांसारखं मारतो. एक चुकला, मेला. त्याच्या हाताखालच्याला तिथल्या तिथे बढती. मग त्याच चित्रपटात सम्राटाचा संदेश येतो आणि हाच व्हेडर गुडघा टेकतो, मान खाली घालतो, धन्याची आज्ञा काय म्हणून विचारतो. त्याच्या थोडं आधी एक अधिकारी व्हेडरच्या खोलीत येतो. वरून यंत्राचा हात शिरस्त्राण खाली आणतोय, आणि क्षणभर त्याच्या डोक्याची मागची बाजू दिसते: पांढरी, जखमांच्या वणांनी भरलेली. अधिकारी नजर वळवतो. इतका वेळ ज्याला आपण लोखंडी समजत होतो तो आत कातडं सोललेला माणूस आहे, हे चित्रपट एका सेकंदात सांगून मोकळा होतो.

खालच्यांच्या गळ्याला हात आणि वरच्यापुढे मान खाली. व्हेडर हा नोकर आहे. सम्राटाला दुष्टपणातच सुख आहे, तो हसतो, मजा घेतो. व्हेडरला कधीही मजा येताना दिसत नाही. १९८३ मध्ये ल्यूक त्याला सोबत चल म्हणून विनवतो, तेव्हा तो म्हणतो की मला माझ्या धन्याचं ऐकलंच पाहिजे. इतका बलाढ्य माणूस, आणि तोंडी वाक्य गुलामाचं.

म्हणून दुष्ट कोण जास्त, असं विचारलं तर सम्राट. पण भीती वाटते ती व्हेडरची, कारण सम्राटासारखं होणं फार थोड्यांना जमेल. हुकूम पाळत पाळत व्हेडर होणं कुणालाही जमू शकतं.

प्रीक्वेल्सनी व्हेडरचा विचका केला की त्याला खोली दिली?

दोन्ही बाजूंना तथ्य आहे. संवाद अनेक ठिकाणी लाकडी आहेत. अनाकिन आणि त्याची प्रेयसी पाद्मे यांचं प्रेम पटण्याआधीच लग्न होऊन जातं. पडझडीचा वेग अंगावर येतो; संध्याकाळी जो संभ्रमात होता तो रात्री लहान मुलांवर तलवार उगारतो. हे आक्षेप मी मान्य करते.

पण एक गोष्ट प्रीक्वेल्सनी इतकी अचूक केली की बाकीचं मी माफ करून टाकलं. अनाकिन गुलाम म्हणून जन्मतो. मराठीत गुरू वेगळा आणि मालक वेगळा; इंग्रजीत दोघांनाही ‘मास्टर’ म्हणतात. त्या मुलाला वाटो नावाच्या मालकाच्या दुकानातून पैज जिंकून सोडवलं जातं, आई मात्र तिथेच गुलामीत राहते, आणि तो जेडायांकडे जातो, जिथे पुन्हा प्रत्येकाला मास्टर म्हणायचं आहे. आईची आठवण काढू नको, प्रेम करू नको, भीती बाळगू नको. तिथून तो पॅल्पटिनकडे, म्हणजे पुढच्या सम्राटाकडे, जातो आणि गुडघे टेकून नवा मास्टर पत्करतो. तिन्ही ठिकाणी शब्द तोच. उपशीर्षकं वाचत पाहणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही, कारण भाषांतरात कुठे मालक होतो, कुठे गुरुजी होतात. मूळ शब्द कानावर पडू दिला की १९८३ मधलं ते गुलामाचं वाक्य कुठून आलं ते कळतं.

क्रिस्टेन्सन यांच्यावर त्या काळी फार कठोर टीका झाली. ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’मध्ये मावळत्या उजेडात अनाकिन आणि पाद्मे शहराच्या दोन टोकांना, दोन खिडक्यांत एकटे उभे आहेत. एकही शब्द नाही. तो प्रसंग पाहा आणि मग त्यांना अभिनय येत नव्हता असं म्हणा.

१९७७ मधलं द्वंद्व इतकं संथ का?

गिनेस तेव्हा साठी ओलांडलेले होते, प्राउझ यांना मुखवट्यातून धड दिसत नव्हतं, आणि हातातल्या दांड्या नाजूक होत्या. १९८० पासून अँडरसन आले आणि फरक पडला. मला मात्र ते संथ द्वंद्व आवडतं. दोघांनाही माहीत आहे की हे कुठे संपणार.

‘रोग वन’मधला बोळातला प्रसंग हाच सर्वांत भारी व्हेडर नाही का?

२०१६ च्या त्या चित्रपटात शेवटी अंधाऱ्या बोळात लाल लाइटसेबर, म्हणजे प्रकाशाची तलवार, पेटतो आणि व्हेडर बंडखोरांना एकामागून एक कापत जातो. चित्रपटगृहात श्वास रोखून पाहिलेला प्रसंग आहे तो, आणि दाराच्या फटीतून हातोहात पुढे जाणारा तो बंडखोरांनी चोरलेला नकाशा पाहताना दर वेळी जीव वर-खाली होतो. भीतीच्या दृष्टीने तो पैकीच्या पैकी.

तरीही भारी म्हणून १९७७ चाच. तिथे व्हेडरला तलवार काढावी लागली नाही. ‘रोग वन’ने त्याची ताकद दाखवली, पहिल्या चित्रपटाने ती न दाखवता पटवली होती. हे दोन प्रसंग कथेत जवळपास एकापाठोपाठ येतात. लागोपाठ पाहून ठरवा. इथे मतभेद असले तर मला काही वाटणार नाही.

शेवटच्या एका कृतीने व्हेडरची सगळी पापं धुतली जातात का?

या प्रश्नावर मैत्र्या तुटल्या आहेत.

‘नाही’ म्हणणाऱ्यांची यादी लांब आहे आणि तिच्यात खोट नाही. टस्कन नावाच्या वाळवंटी टोळीची वस्ती, बायकामुलांसकट. जेडाय मंदिरातली मुलं. ओबी-वान. लियाच्या कोठडीत तरंगत येणारा तो सुईवाला गोळा आणि तिच्यामागे बंद होणारं दार. अल्डेरान डोळ्यांदेखत नष्ट होताना त्याने बोटही उचललं नाही. आणि शेवटी वाचवलं कुणाला? स्वतःच्या मुलाला. परक्याच्या पोरासाठी त्याने सम्राटाला उचलून फेकलं असतं का?

त्यात एक अडचण अशी की १९८३ चा चित्रपट पाहणाऱ्यांनी २००५ चा पाहिलेला नव्हता. त्यांच्या व्हेडरने लहान मुलं मारलेली दाखवली नव्हती. मागाहून पाप वाढलं आणि प्रायश्चित्त तेवढंच राहिलं. तराजू बिघडला तो तिथे.

आता शेवटचा प्रसंग सावकाश बघा. ल्यूक रागाने आंधळा होऊन वार करत सुटतो आणि व्हेडरचा उजवा हात तोडतो. तुटलेल्या मनगटातून वायरी लोंबत असतात. ल्यूक त्या वायरींकडे बघतो, मग काळ्या हातमोज्यातल्या स्वतःच्या यांत्रिक हाताकडे. सम्राट खूश होऊन म्हणतो, मार त्याला आणि त्याची जागा घे. म्हणजे नोकरी रिकामी झाली आहे. ल्यूक तलवार फेकून देतो. त्याला ती नोकरी नको आहे.

मग सम्राटाच्या हातांतून वीज निघते, ल्यूक जमिनीवर तडफडत ‘बाबा’ म्हणून हाक मारतो, आणि व्हेडर बाजूला उभा आहे. मुखवटा एकदा मुलाकडे वळतो, एकदा धन्याकडे. तो मुखवटा पहिल्या दिवसापासून होता तसाच आहे, त्याच्यावर एक रेघ हललेली नाही, आणि तरी आत काय चाललंय ते लख्ख दिसतं. मग तो सम्राटाला उचलतो. चित्रपटांच्या त्या सगळ्या प्रवासात व्हेडरने कुणाच्याही हुकुमाशिवाय, स्वतःसाठी काही मिळवायचं नसताना केलेली ही पहिली गोष्ट आहे.

यामुळे पापं धुतली जात नाहीत. चित्रपटही तसं म्हणत नाही. गेलेल्यांच्या वतीने माफी द्यायला तिथे कुणी उभं नाही, आणि व्हेडर ती मागतही नाही. तो फक्त मुखवटा काढून दे म्हणतो, मुलाला एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय म्हणून. माझ्या मते तो सुटला, पण निर्दोष सुटला नाही. गुलाम होता, मरायच्या आधी काही मिनिटं मोकळा झाला.

मग त्या प्रसंगात व्हेडर ओरडतो त्याचं काय?

२०११ च्या ब्लू-रे आवृत्तीत सम्राटाला उचलताना व्हेडरच्या तोंडी ‘नाही!’ अशी आरोळी घातली गेली. मूळ चित्रपटात तिथे शांतता होती. याचा मला आजही राग आहे. मुखवटा दोनदा वळतो त्यात जे होतं ते प्रेक्षक स्वतः वाचत होता; आरोळीने ते वाचायचं काम काढून घेतलं.

आणखी काय काय बदललं आहे?

बरंच. हान सोलोने त्याला पकडायला आलेल्या ग्रीडोवर आधी गोळी झाडली होती. १९९७ मध्ये ग्रीडोला आधी झाडायला लावलं, २००४ मध्ये दोघांच्या गोळ्या जवळपास एकदम, २०१९ मध्ये आणखी एक शब्द ग्रीडोच्या तोंडी. हान आधी झाडतो. विषय संपला. १९८० मधल्या सम्राटाच्या जागी २००४ मध्ये इयन मॅक्डिअर्मिड आले, आणि हा बदल मला पटतो. ‘रिटर्न ऑफ द जेडाय’च्या शेवटी आत्मारूपात दिसणारे सेबॅस्टियन शॉ त्याच वर्षी काढून तिथे तरुण हेडन क्रिस्टेन्सन बसवले. ल्यूकने ज्याचा मुखवटा काढला तो म्हातारा चेहरा त्याच्या ओळखीचा होता. हा तरुण मुलगा त्याच्यासाठी अनोळखी आहे. बिनबदलाची आवृत्ती २००६ मध्ये डीव्हीडीवर जादा चकती म्हणून दिली होती. कुणाकडे असेल तर जपून ठेवावी.

पहिल्यांदा पाहणाऱ्याने कोणत्या क्रमाने पाहावं?

प्रदर्शित झाले त्या क्रमाने. भाग एकपासून सुरुवात केली तर बापाचं रहस्य फुकट जातं. चौथा, पाचवा, मग मागे वळून दुसरा, तिसरा आणि शेवटी सहावा, असा एक क्रम चाहत्यांत लोकप्रिय आहे. दुसऱ्यांदा पाहताना तो फार छान लागतो.

जोन्स गेल्यानंतर यंत्राने बनवलेला आवाज वापरणं योग्य आहे का?

२०२२ च्या ‘ओबी-वान केनोबी’ मालिकेतच व्हेडरचा आवाज जुन्या ध्वनिमुद्रणांवरून संगणकाने घडवला होता, आणि त्याला जोन्स यांची स्वतःची संमती होती. ९ सप्टेंबर २०२४ रोजी, ९३ व्या वर्षी ते गेले. संमती होती म्हणून फसवणूक म्हणता येणार नाही. पण त्यांच्या जुन्या कामात वाक्याच्या मधे एखादी सूक्ष्म थकवट येते, विशेषतः १९८३ मध्ये ‘आता माझ्यासाठी फार उशीर झाला, बाळा’ असं म्हणताना. ती जोन्स यांनी त्या दिवशी ठरवलेली होती. तसं नवं काही ठरवायला आता कुणी नाही. नव्या गोष्टी सांगायच्याच असतील तर मला दुसरा नट चालेल.

लियाने बापाला माफ केलं का?

लिया ही ल्यूकची बहीण, म्हणजे व्हेडरचीच मुलगी. मूळ त्रयीत माफी नाही, निदान दाखवलेली तरी नाही. व्हेडरने तिचा छळ केला, तिला वाढवणारे आईवडील आणि सगळा ग्रह तिच्यासमोर गेला. व्हेडर आपला बाप आहे हे तिला ल्यूककडून कळतं आणि ते बोलणं संपल्यावर ती त्याच्याबद्दल एक शब्दही बोलत नाही. बापाच्या चितेला अग्नी देताना ल्यूक एकटाच आहे. आगीत तो काळा मुखवटा दिसत राहतो आणि तिथे दुसरं कुणी आलेलं नाही.

मग जंगलात विजयाचा जल्लोष चालू असतो. ल्यूक बाजूला जाऊन उभा राहतो आणि त्याला ओबी-वान, त्याचा दुसरा जेडाय गुरू योडा आणि वडील दिसतात. लिया तिथे येते. तिलाही ते दिसले का, हे चित्रपट सांगत नाही. ती भावाचा हात धरते आणि त्याला परत सगळ्यांमध्ये घेऊन जाते.